नायिकेचं डावं बुबुळ

लुकड्या आणि मी एकाच आठवड्यात पेंटर मास्तरांकडे कामाला लागलो. थिएटरच्या मागे पत्र्याची लांबलचक शेड होती, तिथे सिनेमाचे फलक रंगायचे. सहा वर्षं मी चौकटी आखल्या, अक्षरं काढली, नायकाच्या शर्टाच्या चुण्या रंगवल्या. लुकड्याला दुसऱ्याच वर्षी चेहरे मिळाले.

"तुझी अक्षरं मोत्यासारखी आहेत रे," मास्तर म्हणाले. "तुला चेहरे कशाला हवेत?"

अंगाचा तिळपापड झाला, पण करतो काय!

लुकड्याला पुराणांचं वेड. खलनायक रंगवताना म्हणायचा, "हा राक्षसच आहे, फक्त सूट घातलाय." आणि खरंच, त्याच्या फलकांवरची माणसं नुकतीच स्वर्गातून हाकलल्यासारखी दिसायची.

एका दुपारी तो जेवायला बाहेर गेला. शेडमध्ये मी एकटाच. बारा फुटी नायिकेचा रंग अजून ओला होता. शिडीवर चढलो आणि बोटाने तिचं डावं बुबुळ नाकाकडे सरकवलं. जेमतेम दोन बोटं. बाई चक्क चकणी झाली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

लुकड्या आला, बराच वेळ बघत उभा राहिला. मग ब्रश उचलून त्याने दुसरं बुबुळही त्याच बाजूला नेलं, भुवई जराशी चढवली. झालं! बाई आता फलकाबाहेरच्या कुणावर तरी संशय घेतल्यासारखी तिरकं बघू लागली. माणसं रस्त्यात थांबून तिच्या नजरेच्या दिशेला बघायची.

पुढे छापील फलक आले, शेड बंद झाली. मी दुकानांच्या पाट्या लिहू लागलो. लुकड्या घरी कॅनव्हासवर शापित राण्या, पंखांचे घोडे, देवांचे दरबार काढू लागला, सगळं सिनेमातल्यासारख्या झगझगीत उजेडात. नजर मात्र प्रत्येकाची तीच, तिरकी. नाव झालं. वर्तमानपत्रवाल्याने विचारलं, ही नजर कुठून आली? "एकदा हातून चूक झाली होती," लुकड्या म्हणाला.

हातून म्हणे! तो कागद मी चुरगळून टाकला. ती नजर माझी होती. पण तसं सांगायचं तर आधी लबाडी कबूल करायला हवी. अकरा वर्षं ते मनातच राहिलं.

शेवटी बायकोने त्याच्या प्रदर्शनाला बळेच नेलं. गर्दी पांगल्यावर मी लुकड्याला गाठलं.

"ती चूक तुझी नव्हती."

"ठाऊक आहे. तुझ्या बोटाला काळा रंग होता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर अर्धी नजर तुझ्या नावावर गेली असती." तो ओशाळून हसला. "तुझ्यासारखं एक अक्षर मला कधी जमलं नाही. म्हटलं, निदान हे तरी माझं असू दे."

त्याने मनाचा मोठेपणा दाखवला असता तर राग धरणं सोपं गेलं असतं. बायको पुढे गेली होती. तिच्या मागून उरलेली चित्रं बघत निघालो. तीन सुमार होती. चौथं फार सुंदर होतं. तिथे मी थांबलो नाही.