न वाजलेला सुरुंग

मी सायरन वाजवला आणि पुढच्या रांगा उठून चालायला लागल्या. बायका पोरांना दंडाला धरून ओढत होत्या, एक आजीबाई खुर्चीखाली चपला शोधत होत्या, आणि सगळी वरात दाराकडे. मी प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला, माझ्या काचेच्या केबिनमध्ये आ वासून बसलेलो. हेडफोनमध्ये नफीसा मॅडम ओरडल्या, “या अल्लाह! हे कुठे चाललेत?”

“बाहेर,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मी पनवेलचा साउंडवाला. हळदीच्या डीजेपासून नाटकापर्यंत सगळं केलंय, आणि माझा स्पीकर आजवर कुठे फाटलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नफीसा मॅडम पनवेलात कथकचे क्लास घ्यायच्या. त्यांनी एक नवीन प्रकार बसवला होता, अर्धा नाच आणि अर्धं नाटक. विषय होता भीती आणि आशा. मी तेव्हा नाक मुरडलं होतं. म्हटलं, मॅडम, असले विषय पुण्याला चालतात, इथे कोण बघणार? त्या म्हणाल्या, “भाईसाब, आधी रिहर्सल तर बघा.”

गेलो, आणि तोंड बंद करून परत आलो. काय सांगू तुम्हाला! त्यांची एक विद्यार्थिनी होती हर्षदा, दगडखाणीखालच्या गावातली. आमच्याकडे डोंगर फोडणाऱ्या खाणी पुष्कळ. सुरुंग उडवायच्या आधी खाणीवर तुटक तुटक सायरन वाजतो. तो ऐकला की हर्षदाच्या गावातल्या बायका आधी फळीवरची भांडी खाली जमिनीवर पालथी घालतात, म्हणजे हादऱ्याने पडायला नकोत. मग घर सोडून सगळे देवळासमोरच्या मैदानात. तिथे एकजण घराघराचं नाव पुकारतो आणि त्या घरातलं कोणीतरी “हाय” म्हणतं. मग सुरुंग उडतो. शेवटी एकच लांब सायरन वाजला, की माणसं घरी परततात.

हे सगळं मॅडमनी नाचात उतरवलं होतं. भांडी खाली ठेवताना घुंगरांचा नुसता सळसळाट. नावांच्या जागी हर्षदा पुकारायची आणि एकेक मुलगी तत्काराने, म्हणजे पायांच्या ठेक्याने, उत्तर द्यायची. शेवटच्या नावाला उत्तर यायचं नाही, आणि त्याच क्षणी धडाम! अंगावर काटा यायचा. हर्षदाकडे बघताना तर मी दोनदा माझा क्यू विसरलो. क्यू म्हणजे कुठला आवाज कधी सोडायचा ती खूण. मी क्यू विसरणारा माणूस नाही.

पण पोरीचं नाचणं टांगणीला लागलं होतं. तिचे वडील, पुंडलिकभाऊ, त्याच खाणीवर डंपर चालवायचे. ते रिहर्सलला येऊन सरळ सांगून गेले होते, “खानीवर आमचा पोट हाय. त्याच खानीचा तमाशा करून लोकांना दाखवताव? एक खेळ करा. मी गाव घेऊन येतो. गावाला हसू झाला, तर पोरगी पुना नाचायची नाय.” हर्षदा मान खाली घालून उभी होती. मॅडम हसतमुखाने “जरूर या” म्हणाल्या आणि ते गेल्यावर मटकन खुर्चीत बसल्या.

आता मीही इरेला पेटलो. नेटवरचा कुठलातरी सायरन लावणार नाही म्हटलं. परवानगी काढून खाणीवर गेलो आणि अस्सल आवाज रेकॉर्ड करून आणला. तुटक सायरन, सुरुंग, लांब सायरन, असे तीन क्यू. सुरुंगासाठी स्टेजखाली सबवूफर ठेवले. हे मोठे बॉक्स आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त देतात. मॅडम खूश, मी खूश.

आणि तिथेच आम्ही सगळे फसलो. आवाज इतका अस्सल, की गावाने तो नाटकातला मानलाच नाही! वर्षानुवर्षं ज्या आवाजाला घर सोडायचं, तो आवाज आला. माणसं उठली. विचार करायला थांबतंय कोण? हर्षदानेच आम्हाला ही रीत शिकवली होती, पण तिच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

बाकीचे पनवेलकर माना वळवून बघायला लागले. कोणीतरी फिस्सकन हसलं. गावाला हसू होतंय, हेच तर नको होतं. पुंडलिकभाऊ माझ्या केबिनला लागून असलेल्या दाराशी पोहोचले होते, हात कडीवर. तोपर्यंत हा नाटकातला सायरन आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण चेहरा लालबुंद झाला होता.

“पडदा पाडू?” मी हेडफोनमध्ये विचारलं.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “हर्षदाला बघा.”

शेवटचं भांडं पालथं घालून हर्षदा नाचता नाचता थांबली होती. ती स्टेजच्या अगदी कडेला आली, अंधारात डोळे ताणून माणसं बघितली, आणि नाटकातली नावं सोडून खऱ्या गावातली घरं पुकारायला लागली.

“पाटलांचा घर?”

वाटेत उभ्या असलेल्या एका बाईच्या तोंडून आपसूक निघालं, “हाय!” मागच्या मुलींनी क्षणभर एकमेकींकडे पाहिलं आणि त्या “हाय”वर तत्कार दिला.

“देवलामागचा घर?”

“हाय!” पुन्हा घुंगरू.

एकेक घर उत्तर देत गेलं. हसणारे गप्प झाले. सगळं गाव खुर्च्यांमधल्या वाटेत जिथल्या तिथे उभं, मैदानात उभं राहतं तसं. अहो, असली रिहर्सल कोणी करून घेऊ शकेल का? ती पोर तिथल्या तिथे नवीन नाटक बसवत होती. माझे डोळे भरून आले, लाज कसली त्यात.

शेवटी एकच घर उरलं. तिने नाव घेतलं नाही. नुसतं म्हणाली, “बाबा?”

पुंडलिकभाऊ दाराशीच. कडीवरचा हात तसाच. हीच ती उत्तर न येण्याची जागा, इथेच सुरुंगाचा क्यू. माझं बोट बटणावर. मी मॅडमना विचारलं, “देऊ?” आणि उत्तराची वाट न बघताच बोट उचललं. एवढी वर्षं क्यूचा गुलाम होतो, पण त्या माणसाच्या पाठीवर सुरुंग उडवायला माझं मन धजेना.

मग माझ्या शेजारूनच, घोगरा आवाज आला. “हाय गं बाय. हाय.”

मी लांब सायरन सोडला.

आणि सांगतो, त्या सायरनबरोबर सगळं गाव वळलं आणि आपापल्या खुर्चीत येऊन बसलं, घरी परतावं तसं. हर्षदाने पालथी भांडी सुलटी करून फळीवर ठेवायला सुरुवात केली. नाचाचा शेवट तोच होता.

पडदा पडल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. पुंडलिकभाऊ केबिनच्या दारात आले. मी म्हटलं, आता आपली हजामत.

“मधला सुरुंग नाय वाजवलास?”

“नाही वाजवला.”

“बरा केला. पुढच्या टायमाला पन नको वाजवू.”

मी मान हलवली. ते गेले, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या टायमाला! वायरी तिथेच टाकून मी मेकअप रूमकडे पळालो.

त्यानंतर पुष्कळ प्रयोग झाले. सुरुंग अजून माझ्याकडे आहे, एक नंबर रेकॉर्डिंग, पण कधी वाजला नाही. मी एकच शिकलो. ज्यांचा आवाज आहे, त्यांच्यातलं, नाटक माहीत नसलेलं कोणीतरी रिहर्सलला समोर बसवावं, म्हणजे पुढची धावपळ वाचते. “बाबा?”ला उत्तर द्यायला मात्र दुसरा माणूस हर्षदाला चालत नाही. त्यामुळे मोठ्या नटांच्या तारखा सांभाळाव्यात तशी आम्ही डंपरची ड्युटी सांभाळतो, आणि पुंडलिकभाऊंना सुट्टी असेल तेव्हाच प्रयोग लावतो.