लाल गाडीत ओवी कुठं बसणार?

किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरात दोन वर्षांची पोरगी आणि स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेला नवरा, एवढं असलं की ते खेळण्यांसारखे आपोआप पायाखाली येतात! पोरगी म्हणजे आमची ओवी. नवरा म्हणजे सागर, वय चौतीस, मुक्काम कन्हेरी. त्याच्या मित्रांचा ग्रुप रोज संध्याकाळी बारामतीत पिंट्याच्या गॅरेजवर भरतो. घरची जुनी गाडी एक्स्चेंजला देऊन दोन दारांची गाडी घ्यायची, हे तिथंच ठरलं. माझा प्रश्न पहिल्या दिवसापासून एकच: ओवीची चाइल्ड सीट बसणार कुठं?

ग्रुपला हा सोडून सगळे प्रश्न पडले.

*

बेस मॉडेल की टॉप, यावर पंधरा दिवस चर्चा झाली.

"वैनी, बेस मॉडेल घेऊन गावात यायचं म्हणजे लग्नाला बनियनवर जायचं!" इति पिंट्या. टॉपला लाल शिलाईच्या सीटा आणि दारात निळे दिवे.

ओवी दुपारी झोपली की मी क्रॅश टेस्टचे व्हिडिओ बघते. मधेच उठून ती श्वास घेतेय ना, तेही बघते. एम.एस्सी.ला मला हेच शिकवलं असावं. तर व्हिडिओंच्या अभ्यासामुळे मीसुद्धा टॉपच्या बाजूनं!

"टॉपला सहा एअरबॅग आहेत ना?" मी उत्साहानं विचारलं.

पिंट्या एकदम गंभीर झाला. "हायत. पन उघडू द्यायच्या न्हाईत बरं का. एअरबॅग उघडली की रिसेल गेला!"

*

शेवटी इंदापूरच्या एका एजंटाकडं लाल टॉप मॉडेल सापडलं. सेकंड हँड, आधीच्या मालकानं हौसेनं मॉडिफाय केलेलं. "एक रविवार फिरवून बघा, सोमवारी व्यवहार करू," एजंट म्हणाला.

रविवारी सकाळी पिंट्या गाडी घेऊन दारात आला. मी सीट बसवायला मागं डोकावले, तर मागं सीटच नाही! काढून तिथं गाण्यांचे दोन वूफर बसवलेले. प्रत्येक वूफर ओवीपेक्षा मोठा.

"वूफर काढू आणि सीट बसवू," सागर माझ्याकडं न बघता म्हणाला.

"येडा हायस का? त्या वूफरमुळंच तर गाडीला भाव हाय!" पिंट्या ओरडला.

म्हणजे गाडीत ज्यांना भाव होता, त्यांना जागा मिळाली होती.

*

पहिली चक्कर पणदऱ्याला, सागरच्या काकींच्या गोठ्यावर. सायलेन्सर बदललेला, आवाज खडी फोडायच्या मशीनचा. दुपारी काकींचा फोन आला. कौतुक सगळ्यांना ऐकू जावं म्हणून सागरनं तो स्पीकरवर टाकला.

"सकाळी आलास तर म्हशींनी पान्हा चोरला," काकी म्हणाल्या. "आता सांजच्याला येऊ नगंस बाबा, म्हशीच जातील निघून!"

*

दुपारी बारामतीला निघालो. ओवीला मांडीवर घेऊन मी पुढं बसले. हो, मांडीवर! मला बोलू नका, माझं मी रोज बोलते. सागरला वीसच्या पुढं जाऊ दिलं नाही.

तशी गरजही नव्हती. आधीच्या मालकानं गाडी खाली बसवून घेतलेली. पहिल्याच स्पीडब्रेकरला पोट घासलं आणि सागर कळवळला. मग नियम झाला: ब्रेकर आला की वजन कमी करायचं. म्हणजे मी आणि ओवी उतरायचं, गाडी तिरकी होऊन जाणार, आम्ही मागनं चालत जाऊन पुन्हा बसायचं. रस्त्यात नऊ ब्रेकर!

पाचव्या ब्रेकरला स्कूटरवरच्या एका म्हाताऱ्या बाबांना राहवलं नाही. "ताई, पोरीला घिऊन कशापायी चालताय? बसा मागं, सोडतो."

त्यांच्याकडं जादाचं हेल्मेट नव्हतं म्हणून मी नको म्हटलं. नाहीतर सागरच्या आधी पोचले असते!

*

संध्याकाळी मला खूश करायला सागरनं जाहीर केलं, "मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात 'ओवी' लिहून घेणार!"

"रिसेलला मार!" पिंट्यानं हात जोडले. "मग ज्याच्या पोरीचं नाव ओवी, त्यालाच इकावी लागंल की!"

माझे सासरे, आबा, ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होते. एवढंच म्हणाले, "बरं झालं. गाडीत बी न्हाय, काचंवर बी न्हाय."

मी आत जाऊन ओवीचे मोजे जुळवत बसले. व्यवहार उद्यावर आला होता, आणि मी खरंच जास्त घाबरते का, हेच मला ठरवता येत नव्हतं.

*

सोमवारी इंदापूरला सागर आणि पिंट्या लाल गाडीतून गेले. आबा, ओवी आणि मी जुनीतून. ती तिथंच द्यायची होती ना! एजंटानं कागद टेबलावर मांडले, पेन सागरच्या हातात दिलं.

आबा उठले. जुन्या गाडीतली चाइल्ड सीट सोडवून खांद्यावर घेतली आणि लाल गाडीकडं गेले. आधी पुढं लावून बघितली, तर मला जागा उरेना. मग मागं वूफरवर. मग डिकीत, तर झाकण लागेना.

"आबा, काय चाललंय?" सागर पेन धरून तसाच.

आबांनी सीट एजंटाच्या अंगणात, मधोमध ठेवली. ओवीला तीत बसवलं, पट्टे आवळले, नीट बसलेत का ते ओढून बघितलं. मग एजंटाला हाक मारली.

"ही बसली. आता हिच्याभवती मावंल अशी गाडी दाखवा."

सागरनं पेन टेबलावर ठेवलं, लाल गाडीकडं एकदा बघितलं आणि अगदी बारीक आवाजात एजंटाला विचारलं,

"चार दारांत... लाल रंग येतो का?"