गंगूच्या सज्ज्यासमोरचं स्टेशन

कोठी भागात आमच्या शेजारी राहणारी गंगू दोन वर्षं घराबाहेर पडलेली नाही. समोर मेट्रोचं स्टेशन आहे, आणि ती अडकली ती त्याच्यामुळेच.

बाजार खुला झाला तेव्हा तिच्या नवऱ्याने, लक्ष्मणरावांनी, घराखाली परदेशी टीव्हीचं दुकान काढलं. चांगलं चाललं. पुढे मेट्रोसाठी रस्ता रुंद झाला. घराचा दर्शनी भाग द्यायचा होता. दुकान तरी मोडायचं, नाहीतर जिना. गंगूच म्हणाली, "जिना जाऊ द्या. दुकान गेल्यावर खायचं काय?" मग मागच्या बोळात गोल लोखंडी जिना बसवला. तेव्हा त्यावरून ती भरली बादली घेऊन चढायची. आता लक्ष्मणराव नाहीत आणि गंगूचे गुडघे वाकत नाहीत. खुर्चीत बसवून उतरवायला गेलो, तर खुर्ची पहिल्याच वळणावर अडकली.

स्टेशन तिच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं. आधी रस्त्यात खांब, मग तिकिटांचा मजला, त्यावर फलाट. तिकिटांचा मजला नेमका तिच्या सज्ज्याच्या उंचीला आला. मध्ये खोलीभर पोकळी, पलीकडे काचेची लिफ्ट दिवसभर खालीवर करते.

"एक फळी टाक रे," ती तिथल्या पहारेकऱ्याला म्हणते.

"अम्मा, मेरी नौकरी खाते क्या?" तो हसतो.

दिवाळीत काचीगुड्याला तिच्या थोरल्या बहिणीला, सरूअक्काला, अर्धांगवायू झाला. वाचा गेली, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. गंगूला तिला एकदा बघायचं होतं. रोज तेच.

शेवटी मुलगा हेमंत म्हणाला, "आई, मीच मावशीला घेऊन येतो."

"या जिन्याने? वेडा झालास?"

"जिन्याने नाही. समोर, स्टेशनात."

रविवारी त्याने चाकांच्या खुर्चीतून सरूअक्काला पलीकडच्या कठड्याशी आणलं. तोंड एका बाजूला ओढलेलं. मी गंगूजवळ सज्ज्यात उभी होते. अक्काने चांगला हात उचलला आणि स्वतःच्या डोक्यावरून फिरवला.

"बघा वहिनी, बघा हिला!" गंगू मला म्हणाली. "मी विंचरलं नाही ते तिथून दिसतंय!" मग ओरडली, "अक्का, जेवतेस का गं?"

अक्काचे ओठ हलले. तेवढ्यात वर गाडी आली, आणि तिन्ही भाषांतल्या घोषणा संपेपर्यंत ते ओठ थांबलेही.

"काय म्हणाली? हेमंत, काय म्हणाली ती?"

हेमंतने मान हलवली. त्यालाही कळलं नव्हतं.

गंगूने कठड्याबाहेर हात लांबवला. अक्कानेही. पहारेकरी धावत आला. "अम्मा, झुकना नक्को! साब, कुर्सी पीछे लेव."

हेमंतने खुर्ची वळवून लिफ्टमध्ये नेली. काचेआड अक्काचा चेहरा आमच्याकडेच होता, आणि लिफ्ट खाली निघाली. गंगू त्या चेहऱ्यामागे वाकत गेली, इतकी की मी तिची कंबर दोन्ही हातांनी धरली.

"सोडा, वहिनी."

मी सोडलं नाही.