भिंतीवरचं तडकलेलं चाक

तेव्हा मी हौसेनं जोरदार इंजिनाची एक जुनी गाडी घेतली होती आणि तिच्यातूनच रोज नाशिकहून लासलगावला कामावर जायचो. तिला हलकी अलॉय चाकं हवी होती, तीही खिशाला परवडणारी. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ चाकांचं एक दुकान होतं, तिथं गेलो; दुकानदाराचं नाव मी कधी विचारलंच नाही.

माणूस अबोल. चाक मांडीवर घ्यायचा, माठ पारखावा तसं बोटानं वाजवायचा आणि मान कलती करून ऐकत राहायचा. मला सगळ्यात हलकं आणि सगळ्यात स्वस्त चाक आवडलं होतं. ते त्यानं उचलून मागे ठेवलं.

"लासलगावचा रस्ता हाय ना तुमचा? कांद्याच्या गाड्यांनी खड्डे पाडलेत. हे नाय टिकणार."

"गाडी माझी आहे," मी चिडून म्हणालो.

दसरा होता. पाने, जॅक, हवेचं मशीन, सगळ्यांना झेंडू वाहिला होता. भिंतीवर एक तडकलेलं चाक टांगलेलं होतं, त्यालाही हार.

"भंगाराची कसली पूजा?" मी विचारलं.

त्यानं हात पुसले. "धाकट्या भावाच्या गाडीचं हाय. मीच निवडून दिलं होतं. सगळ्यात हलकं."

मी त्यानं दाखवलेली, जराशी जड चाकं घेतली. बसवून झाल्यावर त्यानं भिंतीवरच्या हारातली चार फुलं काढली आणि प्रत्येक चाकात एकेक खोचलं. हात मात्र जोडले नाहीत. खाली बसून सगळे नट पुन्हा एकदा आवळून पाहिले.