खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

नाशिकच्या द्वारका भागातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं मीच बघायचे. ट्रकच्या फेऱ्या नोंदवणारं जुनं सॉफ्टवेअर रडतखडत चालायचं. शेठ म्हणाले, "मॅडम, दसऱ्याच्या मुहूर्ताला नवीन चालू पाहिजे. नाहीतर पुण्याची पार्टी तयारच आहे, मग तुमचं इथे काय काम?" पंचेचाळिशीतल्या बाईला नाशिकमध्ये दुसरी नोकरी कोण देतंय? मी मान डोलावली.

मोठा सर्व्हर होताच. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनेच दुसरं मशीन उभं करता येतं, व्हर्च्युअल मशीन. त्याला मेमरी आणि डिस्क वाटून दिली, लिनक्स आणि त्यावर नवीन सॉफ्टवेअर टाकलं, नेटवर्क जोडलं. पहिल्यांदा लॉगिन झालं तेव्हा एकटीच हसले. मग जुना डेटा आत भरायला लावला. गोगलगाईच्या चालीनं का होईना, भरत होता.

खंडेनवमीला सकाळी आले तर ट्रक धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभे. शेठची बायको, आमच्या वहिनी, पूजेचं ताट घेऊन सर्व्हरच्या खोलीत. मागे गॅरेजचे मिस्त्री.

"वहिनी, कुंकू लावा, पण बंद नका करू. डेटा भरतोय."

"अगं, आज हत्यारांना विश्रांती द्यायची असते. चालत्या यंत्राची पूजा करतं का कोणी?"

"मग मला नीट बंद करू द्या, आधी आतलं..."

मिस्त्रींनी यूपीएसचं बटण दाबलंसुद्धा. पंखे थांबले. वहिनींनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. कपाळ माझं! रडू कोसळलं, तर त्यांना वाटलं भक्तीनं.

दसऱ्याला सकाळी चालू केलं. मोठं मशीन उठलं, आतलं उठेना. काळ्या स्क्रीनवर तेच तेच, डिस्क वाचता येत नाही. परत पहिल्यापासून करायला दिवस हवे होते. शेठना सांगितलं, मध्येच बंद केल्यामुळे झालं.

"मॅडम, ट्रकपण कालपासून बंदच होते. एका सेल्फमध्ये चालू झाले."

सेल्फ म्हणे, डोंबल!

मुहूर्त टळला. संध्याकाळी आपट्याची पानं वाटताना शेठ माझ्यापाशी आले. मी सवयीनं वाकून नमस्कार केला. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," ते म्हणाले. आणि त्याच दमात, "उद्या पुण्याची माणसं येतायत. त्यांना खोली दाखवा आणि चावी देऊन जा."