उम्म गायबच्या खोलीतला उजेड

ज्या जोडप्याला मूल झालं नाही त्यालाही आम्ही बसऱ्याची माणसं आईबापाचंच नाव देतो. अबू गायब आणि उम्म गायब. जे लेकरू आलंच नाही त्याचा बाप आणि त्याची आई. माझ्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या या नवराबायकोला अख्खी गल्ली याच नावांनी हाक मारायची आणि तेही हसून ओ द्यायचे.

अबू गायब गेला तो दिव्याच्या बटणापायी. आमच्या गल्लीतल्या पुरुषांना एक खोड आहे, तिचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. सरकारी वीज, आमची 'वतनी', गेली रे गेली की यांची हत्यारं बाहेर येतात. बटण बदल, पंखा उघड, वायर सोल. मेन बंद करायचं नाव नाही. "वतनीच गेलीय, मेन कशाला बंद करायचा?" हे वर शहाणपण. जी आपल्या मर्जीने जाते आणि आपल्याच मर्जीने येते, तिच्या भरवशावर हे तारेला हात घालणार!

त्या दुपारी वतनी गेली होती आणि कोपऱ्यावरच्या जनरेटरचं तेल संपलं होतं. सगळी गल्ली थंड पडलेली. अबू गायबने झोपायच्या खोलीतलं अडकणारं बटण उघडलं, तारा मोकळ्या केल्या, आणि तेवढ्यात वतनी आली. वीज आली की आमची पोरं "आली! आली!" करत नाचतात. उम्म गायब स्वयंपाकघरात मासा साफ करत होती. पोरांचा ओरडा ऐकून तिनेही आनंदाने हाक मारली, "अबू गायब, आली हो!" आतून फक्त काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मयताच्या घरी माणसांची रीघ लागते, उजेड तर हवाच. कुणीतरी घाईघाईत त्या तारा जोडून नवीन बटण बसवून टाकलं. कुणी, ते आज कुणालाच आठवत नाही.

तेव्हापासून गल्लीत कुणी वायर उघडली की उम्म गायब आपलं ठेंगणं स्टूल घेऊन हजर. मीटरखाली बसायची, मेन खाली ओढायची आणि काम संपेपर्यंत त्यावरचा हात काढायची नाही. हातिम न्हाव्याने एकदा तिची थट्टा केली.

"उम्म गायब, मला अटक झालीय का? हा पहारा कशाला?"

"तू तुझं काम कर. मी माझं करते."

"अगं बाई, वतनी नाहीये!"

"तेव्हाही नव्हती," ती म्हणाली. हातिम पुन्हा वायर सोलायला लागला.

अशी ही बाई. पण तिच्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. एका संध्याकाळी सुक्या लिंबाचा चहा पिता पिता ती हळूच म्हणाली, "तो येतो गं."

"कोण?"

तिने मला झोपायच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि बटण बंद केलं. दिवा विझला, पण पुरता नाही. राखेखाली निखारा असावा तसा एक फिकट उजेड त्यात उरला होता.

"वतनी असली की असतो," ती सांगू लागली. "गेली की जातो. मी दिवसभराचं सगळं सांगते त्याला. कोण कुणाशी भांडलं, डाळिंबाला फूल आलं की नाही. कालच्या दुपारी वीजवाल्यांनी त्याला किती वेळ येऊच दिलं नाही, मेले!"

मी अशा गोष्टी मानणारी नाही. तरीही त्या रात्री मी कुराणातली कुर्सीची आयत, राखणीसाठी म्हणतात ती, पुटपुटून झोपले.

मग तिच्या बहिणीचा मुलगा रैसान बायकोला घेऊन तिच्याकडे राहायला आला. पोरगा बंदरात वायरमन, आणि त्याची हियाम पोटुशी. मावशीला तो खाला म्हणायचा आणि तिच्या नवऱ्याला खालू. त्याने तो उजेड पाहिला आणि पहिल्याच दिवशी सांगितलं.

"खाला, हे खालू नाहीत. बटण थंड तारेवर बसलंय. गरम तार, वीज आणणारी, बटणात न येता सरळ दिव्यात गेलीय. तुम्ही बटण बंद केलं तरी हा एलईडी दिवा मिणमिणतो, जिवंतच राहतो."

"जिवंत राहतो म्हणालास ना? मग झालं."

"खाला, बंद आहे म्हणून कुणी दिवा बदलायला हात घातला तर मरेल!"

"मी मेल्यावर काय ते उखड. तोवर त्या खोलीतल्या तारेला हात लावशील तर याद राख."

मीही तिला झापलं. म्हटलं, "गल्लीभर पहारा देत फिरतेस, आणि घरातच मरण पोसतेस?" तिने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "तुझा नवरा बाहेर बसून चहा पितोय ना, उम्म नौफल? मग तू बोलू नकोस." मला राग आला, लाजही वाटली. मी उठून घरी आले.

एका शुक्रवारी आम्ही दोघी तिच्या अंगणात बाकल्याच्या शेंगा सोलत होतो. हातपुसणं आणायला म्हणून ती आत गेली, मी तिच्या मागोमाग. झोपायच्या खोलीचं दार उघडं होतं. दिवा सकाळपासून लुकलुकत होता म्हणून हियाम तो बदलायला स्टुलावर चढली होती. त्या तारेचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं, बिचारीने बटण आठवणीने बंद केलं होतं. एवढं पोट, तोल सांभाळायला एक हात लोखंडी कपाटावर, आणि दुसरा होल्डरकडे निघालेला.

"हात खाली!"

उम्म गायबचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. हियाम दचकली, स्टूल डगमगलं, मी धावत जाऊन तिला कमरेला धरून उतरवलं. वळून पाहते तर उम्म गायब उंबरठ्यावर मटकन बसलेली.

"घेऊन गेला असता तिला," ती पुटपुटली.

"कोण, अबू गायब?"

"नाही गं. मी. मी मारलं असतं दोघांना." मग तिने डोळे पुसले. "रैसानला बोलाव."

रैसानने वतनीचा मेन खाली केला.

"आणि जनरेटरची लाईन?" तिने विचारलं. त्याने तीही पाडली.

"टेस्टर आधी मेनच्या वरच्या बाजूला लाव, तिथे वीज असतेच. तो पेटतो का बघ, मग खोलीत आण. बिघडलेला टेस्टर सगळ्यालाच मेलेलं म्हणतो." रैसानने तसंच केलं. तिने हियामला मेनखाली आपल्या ठेंगण्या स्टुलावर बसवलं आणि बजावलं, "कुणालाही इथे हात लावू द्यायचा नाही. माझा बाप कबरीतून उठून आला तरी नाही."

खोलीत रैसानने प्रत्येक तारेला टेस्टर लावून पाहिला, मग बटण काढलं आणि वरच्या डबीचं झाकण उघडलं. "थांब," ती म्हणाली. बॅटरी घेऊन ती स्टुलावर चढली आणि आत त्याच्या हाताचा जोड शोधत राहिली. अबू गायब पक्कडीने पीळ घालायचा, टोक दुमडायचा, वर काळी पट्टी घट्ट आवळायचा. गल्लीतल्या निम्म्या घरांत त्याचे जोड आहेत, मलाही ओळखू येतात. इथे तारा नुसत्या बोटांनी गुंडाळल्या होत्या, आणि वर जखमेला लावतात ती चिकटपट्टी.

"हा हात त्याचा नाही," ती म्हणाली.



"मग इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होते, उम्म नौफल?"

मी तिच्या हातातली बॅटरी घेतली आणि तिला स्टुलावरून उतरवलं.

रैसानने विचारलं, "खाला, तोडू?"

"तोड."

त्याने जोड तोडले, गरम तार बटणातून फिरवली, पक्कडीने पीळ घातले, काळी पट्टी आवळली. बटण बसवलं, नवा दिवा लावला, डबी बंद केली, मग आम्हा सगळ्यांना हात बाजूला घ्यायला सांगून मेन चढवला. खिडकीच्या झडपा लावलेल्या होत्या. दिवा झगझगीत लागला. उम्म गायबने पुढे होऊन बटण बंद केलं.

मिट्ट काळोख झाला. आम्ही सगळेच वर बघत होतो, मीसुद्धा. दिव्यात काही नव्हतं.

"सदखान," तिने हाक मारली. ते त्याचं खरं नाव. एवढी वर्षं शेजारी राहून मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिने जरा वाट पाहिली.

"गेला गं," ती म्हणाली, आणि नवरा आत्ता या क्षणी मेल्यासारखी ऊर बडवून रडायला लागली.