सुमनमावशींच्या डब्यातले फुटाणे

कोपऱ्यावरचा तो फ्लेक्स आधी उतरवा.

"संस्कृती जपणारं व्यक्तिमत्त्व" म्हणे! मधे शांताकाकूंचा एवढासा फोटो, आणि खाली त्यांच्याहून मोठे, हात जोडलेले सात जण.

आज काकूंना जाऊन वर्ष झालं.
त्यांनी जे जपलं ते बुडवणारे हेच सात जण. आणि आठवी मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काकू म्हणजे चिखलीतल्या आमच्या गल्लीतल्या, तहसीलमधल्या बाबूंची बायको. स्वतःला मूलबाळ नाही. पण भुलाबाई बसल्या की गल्लीतल्या सगळ्या पोरी त्यांच्या.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत, महिनाभर. बाजारातून आणलेले मातीचे भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, हातात टिपऱ्या, आणि संध्याकाळी घरोघरी गाणी. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा वाजवायची. आतला खाऊ आम्ही ओळखायचा. नाही ओळखला तर ती जिंकली.

एवढाच खेळ. त्याला ना बॅटरी लागायची ना चार्जर.

काकूंचा नियम एकच होता. एकही दार सुटता कामा नये.

कोजागरीला शेवटचं दार सुमनमावशींचं. त्या आमच्या सगळ्यांच्या घरची धुणीभांडी करायच्या. एक खोली, झाकण दबलेला पत्र्याचा डबा, आणि डब्यात दरवर्षी फुटाणे.

पहिल्याच वर्षी मी ओरडणार होते. काकूंनी मागून दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं.

"ओळखू नको वं."
"काऊन? मले येते ना!"
"येते म्हणूनच नको."

मग काय, आम्ही चढाओढीनं चुकायचो.
करंजी? नाही. शंकरपाळे? नाही. अनारसे?
फुटाण्यांच्या आवाजाला अनारसे! मावशी पदर तोंडाशी धरून हसायच्या. "हारल्या! पोरी हारल्या!"

आठ-नऊ वर्षांच्या होतो आम्ही. कुठल्या संस्कार शिबिराची फी भरली नव्हती कोणी.

आणि आता माझी पोरगी बघा.

दोन वर्षांपूर्वी सई चौथीत होती. मावशींच्या दारात पहिल्याच खडखडाटाला म्हणाली, "फुटाणे! इझी!" आणि मैत्रिणीला टाळी दिली.

मी काय केलं? व्हिडिओ काढला. "आमची हुशार पोर" असं लिहून इथेच, याच प्रोफाइलवर टाकला.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी बदाम दिले होते त्याला. मागे मावशी डबा हातात धरून तशाच उभ्या आहेत, ते कोणाला दिसलं नाही. मलाही नाही.

काकूंना दिसलं.
"हुशार आहे पोरगी तुही. पण तुले म्या हे शिकवलं नव्हतं."

मी उलट बोलले. "काकू, आजकाल लेकरायले कॉन्फिडन्स पाहिजे."
त्या उत्तरासाठी आज मला माझाच राग येतो.

मागच्या वर्षी काकूंनी अंथरूण धरलं आणि या सात जणांना संस्कृतीचा पुळका आला. मंगल कार्यालयात भव्य भुलाबाई स्पर्धा! स्टेज, साउंड, परीक्षक. खाऊ ओळखणारीला ट्रॉफी.
घरोघरी का नाही? तर ट्रॅफिक असतं म्हणे. आमच्या गल्लीत ट्रॅफिक म्हणजे दोन स्कूटी आणि एक म्हैस.

तरी मी फॉर्म भरला. सई दुसरी आली. मी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन काकूंकडे गेले. त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता.

"सुमनच्या दारी गेल्या होत्या ना पोरी?"
"हाव काकू. गेल्या होत्या."
"ओळखलं?"
"नाही. हारल्या."

काकू हसल्या. चार दिवसांनी गेल्या.

मरणाऱ्या बाईशी मी खोटं बोलले. वर्षभर घास गिळताना आठवतंय.

यंदा पुन्हा तीच स्पर्धा, आणि करंडकाला चक्क काकूंचं नाव! लाज कशी वाटत नाही? मी सईला नेलं नाही. तिला घरी बसवून सगळं सांगितलं, आणि तो व्हिडिओ दाखवला. ती त्यातल्या मावशींकडे बघत राहिली.
"मम्मी, हा डिलीट कर ना."
केला.

कोजागरी उलटून गेली होती, तरी काल संध्याकाळी तिला घेऊन मावशींच्या दारी गेले. सईने येईल तसं एक गाणं म्हटलं. मावशी गोंधळून गेल्या.

"मागच्या साली कोणी आलं नाही, औंदाही नाही. डब्यात म्या मीठ भरलं बाई."

मग मीठ ताटात ओतलं, डबा पदराने पुसला, आत जाऊन आल्या आणि वाजवला.

तोच आवाज. म्हशीनेही ओळखला असता.

सईने कान पुढे केला. "करंजी?"
"नाही."
"चकली?"
"नाही."
"मग... गुलाबजाम?"

मावशींचा पदर तोंडाशी गेला. "हारली! पोरगी हारली!"

निघताना मी हळूच विचारलं, "मावशी, आम्ही मुद्दाम चुकत होतो, हे तुमाले माहीत होतं काय?"

"हाव ना. मी काय येडी आहे? पण सालभर सगळ्यायचे भांडे घासल्यावर एक दिवस मी जिंकत होती ना, माह्या दारात. शांताबाईनं तो दिवस कधी चुकवला नाही."

फ्लेक्सवाल्यांनो, हे तुमच्या करंडकात बसत नाही. पुढच्या वर्षी शेवटचं दार सोडलंत तर स्टेजवर चढून माईक मी घेईन. मग बघा.

काकू, वर्षभर उशीर झाला. आणि पोरगी एकच होती.
पण गेली होती सुमनमावशींच्या दारी.
हारून आली.